पानामागचे पैसे

लग्नाच्या पंगतीत शेजारी डॉक्टर बसला की लोक त्याला गुडघा दाखवतात. मी बसलो की विचारतात, "घरी प्रिंटर घ्यायचाय. लेझर घेऊ का शाईचा? चालवायला स्वस्त कुठला पडतो?" पूर्वी मी जिलबी बाजूला सारून पंधरा मिनिटं उत्तर द्यायचो. पानावर बोटानं आकडे काढून दाखवायचो. आता देत नाही. वाढप्याला हाक मारतो आणि भात मागून घेतो. माणूस शिष्ट झालाय असं आमच्या पाहुण्यांत माझ्याबद्दल बोललं जातं, त्याला माझी हरकत नाही.

माझ्या कार्डावर 'सर्व्हिस इंजिनिअर' असं छापलेलं असायचं. इंजिनिअरिंगचं कॉलेज मी रस्त्यावरूनच पाहिलंय. आयटीआय करून निघालो, साताऱ्यात एका दुकानात चिकटलो, आणि पुढं त्याच मालकांनी सांगलीत शाखा काढली तेव्हा तिकडं गेलो. उरलेली नोकरी तिथंच झाली. दुकानात एका कंपनीच्या प्रिंटरची विक्रीही होती आणि दुरुस्तीही. म्हणजे सकाळी मी गिऱ्हाइकाला मशीन गळ्यात मारायचो आणि दुपारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं जाऊन, ते बंद का पडलं याचं खापर त्याच्यावर कसं फोडायचं ते बघायचो. यात काही गैर आहे असं मला बरीच वर्षं वाटलं नाही. पगार वेळेवर होत होता.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शाईच्या प्रिंटरला एक डोकं असतं, आम्ही त्याला हेड म्हणतो. त्याला केसाहून बारीक भोकं असतात आणि त्यातून शाईचे थेंब कागदावर पडतात. लेझरमध्ये शाई नसतेच. त्यात काळी पावडर असते, तिला टोनर म्हणतात. ती आधी एका नळकांड्याला, म्हणजे ड्रमला, चिकटते, तिथून कागदावर येते, आणि कागद गरम रोलरखालून गेला की वितळून त्यात बसते. म्हणून लेझरचं पान हातात कोमट येतं.

आता पैशाचं. सुरुवातीला शाईचे प्रिंटर मातीमोल विकायचे आणि शाईच्या डब्या सोन्याच्या भावानं. काडेपेटीएवढी डबी, तीन-चारशे पानांत रिकामी. कॉलेजला जाणारं पोर घरात असलं की बापाचं दिवाळं. मग टाकीवाले प्रिंटर आले. बाटलीनं शाई ओतायची, काळं पान दहा-पंधरा पैशांवर आलं. लेझरला कंपनीचा टोनर घातला तर पान दोन रुपयांच्या पुढं जातं, आमच्यासारख्याकडून पावडर भरून घेतली तर पन्नास पैशांच्या आत बसतं. लेझर चालू होताना वीजही जास्त ओढतो, खेड्यातल्या इन्व्हर्टरला तो धक्का सोसत नाही. सगळी बेरीज केली तर टाकीवाला जिंकतो, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असायचं आणि तसं मी सांगायचो. सांगण्याआधी एकच प्रश्न विचारायचो, "महिन्याला किती पानं काढता?" तेवढं विचारलं की गिऱ्हाइकाला वाटायचं, बाबा जाणकार आहे.

मी शाईच्या बाजूचा झालो तो मेढ्याच्या एका सुभेदारामुळं. पेन्शनीत निघालेला माणूस, गावातल्या साऱ्या माजी सैनिकांचे कागद करून द्यायचा. हयातीचे दाखले, पेन्शनची पत्रं, कुणाच्या विधवेचा अर्ज. त्यांनी लेझर घेतला होता. उन्हाळ्यात सुरेख चालला. पावसाळा लागला आणि मला बोलावणं आलं. जावळीचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. तिथं आषाढात पापड तळला तर ताटात पडेस्तोवर मऊ होतो. कागद दमट झालेला, गरम रोलरखाली गेला की वळायचा आणि आत अडकायचा. दर तिसरं पान.

सुभेदार कमरेवर हात ठेवून माझ्यामागं उभे होते. "इंजिनेरसायेब, ह्यो कागद कवायतीला का येत न्हाई? छुट्टीपे है क्या?"

कागद कोरडा राहावा म्हणून त्यांनी आख्खा गठ्ठा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला होता. तो कोरडा झाला, पण धुरानं पिवळा पडला. त्या पिवळ्या कागदावर काढलेले दाखले बँकेनं परत पाठवले, जुने दिसतात म्हणून. मी त्यांचा लेझर बदलून टाकीवाला शाईचा प्रिंटर बसवून दिला. त्याला गरम रोलर नाही, त्यामुळं कागद थोडा दमट असला तरी निमूट जातो. वर तिथल्या हवेत हेड वाळायचा प्रश्नच नव्हता. ते यंत्र वर्षानुवर्षं चाललं. सुभेदार दर दिवाळीला मालकांना फोन करून माझी तारीफ करायचे आणि मी फुगायचो. त्यानंतर कुणीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, टाकीवाला घ्या.

हेच ज्ञान घेऊन मी सांगलीला आलो. मेढ्याच्या पावसात शिकलेलं आता कवठे महांकाळच्या उन्हात विकायला लागलो. त्या भागात पापड वाळत घातला तर तासाभरात कडकडतो, हे मला दिसत होतं. त्याचा माझ्या धंद्याशी काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही.

म्हणजे अगदीच आलं नाही असंही म्हणता येत नाही. विट्याकडं एक गलाईवाले शेठ होते. सोनं-चांदी गाळायचा धंदा, दुकान लांब दक्षिणेत, आणि गावाकडं तीन मजली बंगला, वर्षातले अकरा महिने कुलपात. यात्रेला सगळं कुटुंब यायचं. नातवंडांचे फोटो काढायला त्यांनी रंगीत शाईचा प्रिंटर घेतला. पुढच्या यात्रेला आले तर हेड वाळून दगड. शेठनी मला बोलावलं, मी मान हलवली, शेठ म्हणाले, "आवं मग नवा द्या की, त्यात काय?" असे लागोपाठ तीन प्रिंटर मी त्यांना विकले. दुकानात ही गोष्ट आम्ही एकमेकांना हसून सांगायचो. शाई पडून राहिली की वाळते, हे तेव्हा मला चांगलं ठाऊक होतं. पण बंद घर म्हणजे श्रीमंताचं, असं डोक्यात बसलेलं.

मंगल दुकानात आली ती गणपतीच्या सुमाराला. तिशीची असेल. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी, काजल. कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका लहान गावची. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, नवरा आणि सासरा. बारावी झालेली, मोबाईल हातात सराईत. गावात झेरॉक्स नव्हतं. कुणाला दाखला काढायचा, पीक विम्याचा अर्ज भरायचा, शाळेचा फॉर्म काढायचा, तर तालुक्याला जावं लागायचं. घरी प्रिंटर ठेवला तर गाव आपल्याकडं येईल, असा तिचा विचार. चांगला विचार होता. ती गिऱ्हाइकासारखी घासाघीस करत नव्हती, एकेक गोष्ट समजून घेत होती.

"भाऊ, मशीन कितीला त्ये ऱ्हाऊ द्या. पानामागं खर्च किती येतोय त्ये सांगा."

मी खूश झालो. तीस वर्षांत एवढा नेमका प्रश्न फार थोड्यांनी विचारला. मी माझा प्रश्न विचारला, "महिन्याला किती पानं निघतील?" तिनं हिशेब करून सांगितलं, हजारभर तरी. मग काय, माझी टकळी सुरू झाली. आकडे मांडले. टाकीवाला, बारा पैसे. लेझर, त्याच्या तिप्पट-चौपट. तिनं मान हलवली. त्या महिन्यात दुकानाला टाकीवाल्यांचं टार्गेट होतं, हेही सांगून टाकतो. ते नसतं तरी मी तोच प्रिंटर दिला असता, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं-खोटं आता कळायला मार्ग नाही.

पैसे कुठून आणले ते तिनं आपणहून सांगितलं. माहेरहून तिला मिळालेली दोन मेंढरं तिनं विकली होती. आणि का, तेही सांगितलं. तिच्या घरची मेंढरं दिवाळीनंतर चाऱ्याला बाहेर पडतात. खाली कृष्णा-वारणेच्या काठानं, उसाच्या रानांतून, पार शिराळ्याच्या बाजूला. सगळं बिऱ्हाड घोड्यावर. मुलगी लहान होती तोवर ठीक होतं. आता दरसाल दुसरी सहामाही बुडत होती. मंगलनं सासऱ्याशी बोली केली होती. एक पुरता हंगाम यंत्रानं घरखर्च भागवून दाखवला, तर पुढच्या दिवाळीनंतर ती आणि काजल गावात राहतील, मुलगी सलग शाळा करेल, आणि बाप्ये मेंढरं घेऊन जातील. सासरा म्हणाला होता, "दाव करून."

हे सगळं तिनं काउंटरला उभं राहून मला सांगितलं. मी ऐकलं आणि "छान, छान" म्हणालो. दिवाळीनंतर आम्ही जातो, असं ती तोंडानं बोलली होती. यंदा मात्र तुमचं घर बंद राहणार, मग या यंत्राचं काय, हा पुढचा प्रश्न मला सुचायला हवा होता. महिन्याला किती पानं हे मी विचारलं. कुठल्या महिन्यांत, ते विचारलं नाही. मी पावती फाडली.

दिवाळीपर्यंत यंत्र उत्तम चाललं. तिचा एकदा फोन आला, शाईची बाटली कुरिअरनं मिळेल का म्हणून. आवाज हसरा होता. मग बिऱ्हाड बाहेर पडलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा फोन. "भाऊ, निसत्या पांढऱ्या रेघा येत्यात. कायबी वाचाय येत न्हाई. शाळंचे दाखले काढायला माणसं दारात हायती."

मी गेलो. दोन खोल्या, वर पत्रा. जूनमध्येही आत भट्टी होती, तर एप्रिल-मेमध्ये काय असेल ते समजा. प्रिंटर एका लाकडी पेटीवर ठेवलेला. शेजारी घडी करून ठेवलेली काळी घोंगडी. मी झाकण उघडलं. दुरुस्तीच्या धंद्यात मी प्रिंटरमध्ये झुरळं पाहिलीत, पाल पाहिलीय, एका वकिलाच्या लेझरमध्ये चपातीचा तुकडा पाहिलाय. इतकं स्वच्छ यंत्र आयुष्यात पाहिलं नव्हतं. धुळीचा कण नाही. बटणावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

आत हेड वाळून गेलेलं. सात महिने.

प्रयत्न केले. प्रिंटरमध्ये साफसफाईची एक सोय असते, तो स्वतःच शाई जोरानं ओढून भोकं मोकळी करतो. ती चार वेळा चालवली. त्यात एवढी शाई जाते की टाकीतली पातळी डोळ्यांदेखत उतरते, आणि ती सगळी खालच्या स्पंजात वाया. मग हेड काढलं, डिस्टिल वॉटरमध्ये भिजत ठेवलं, सिरिंजनं पाणी मारलं. दारात माणसं ताटकळत होती. एकजण म्हणाला, "मंगल, हुतंय का गं? न्हाईतर ही एस्टी गाठतो." तासाभरात ओटा रिकामा झाला. काजल दाराच्या चौकटीला टेकून माझ्या हातांकडं बघत होती.

काळी शाई थोडी उमटली, मधेमधे तुटत. दाखल्यावरचं नाव वाचता येत नव्हतं. हेड बदलायला हवं होतं, आणि त्याची किंमत निम्म्या प्रिंटरएवढी. यंत्र वर्षाच्या आतलं, म्हणजे वॉरंटी होती. फक्त कंपनीला कारण कळवायचं असतं. दुरुस्तीच्या कागदावर एक रकाना असतो, 'बिघाडाचं कारण'. तिथं मी 'हेडमध्ये दोष' असं लिहिलं असतं, तर बहुधा नवं हेड फुकट आलं असतं. पण कंपनीचा माणूस अशा केसेस तपासायचा, दुकानाला नोटीस यायची, आणि माझी नोकरी पाच वर्षांची उरली होती. शिवाय, आणि हे लिहिताना मला माझीच किळस येते, 'वापर न केल्यामुळं वाळलं' असं सरळ लिहिलं तर प्रश्न आला असता की विकताना सांगितलं नव्हतं का. म्हणून मी सवयीचे इंग्रजी शब्द लिहिले आणि कागद सहीसाठी पुढं केला.

तिनं तो वाचला. बारावी झालेली बाई, हे मी विसरलो होतो. अक्षरावर बोट ठेवून तिनं विचारलं, "ह्याचा अर्थ काय वो?"

"काही नाही, लिहावं लागतं तसं."

"पर अर्थ काय?"

"ग्राहकाची हयगय."

तिनं घोंगडीकडं बोट केलं. "हयगय? आवं भाऊ, ह्यो घोंगडा माज्या अंगावरचा. थंडीच्या दिसात काढून त्येच्यावर घालून गेलो आमी. मी अन् ही पोरगी, उसाच्या पाचटात झोपलो. धूळ जाऊ ने म्हणून दोन येळा दोरी गुंडाळली. तुमी सांगितलं आसतं तर डोक्यावर घिऊन हिंडले आसते."

मी खाली बघून हत्यारं पिशवीत भरत होतो. तिनं सही केली. माझ्या हातानं काही खोटं लिहिलं गेलं आणि त्यावर तिच्या हातानं सही झाली, याची आठवण मला आंघोळ करतानाही येते. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चहा केला. बकरीच्या दुधाचा. तो मी प्यायलो.

यंत्र सांगलीला आणलं. वॉरंटी नाकारली गेली, ठरल्याप्रमाणं. कुठून तरी जुनं हेड मिळतंय का बघण्यात जुलै गेला. दाखल्यांचा हंगाम गेला, पीक विम्याचा गेला. तिचे फोन आधी रोज यायचे, मग आठवड्यानं, मग बंद झाले. ऑगस्टमध्ये मी तिला फोन केला तेव्हा तिनं सासऱ्याचे शब्द सांगितले. "मामा म्हणत्यात, झालं नव्हं तुजं करून दावणं."

तेव्हाच मला जाग यायला हवी होती. पण एका सहकारी बँकेचे चाळीस प्रिंटर दुरुस्तीला आले आणि मी त्यात गुंतलो. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा दुकानातला एक जुना लेझर मी घरी आणला. रोलर बदलला, ड्रम बदलला, पावडर भरली, स्वतःच्या खिशातून. भाऊबीज झाल्यावर आठ दिवसांनी गाडीच्या मागच्या सीटवर घालून निघालो. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो.

दाराला कुलूप. शेजारची म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. "कोन, मंगल? गेली की वो. चार दीस झालं. समदीच गेली."

"मुलगी?"

"तिला काय हितं एकली ठिवत्यात व्हय?"

दिवाळीनंतर बिऱ्हाड निघतं, हे मला त्या दिवसापर्यंत दोनदा कळलेलं होतं. एकदा मंगलच्या तोंडून आणि एकदा त्या वाळलेल्या हेडवरून. तरी मी माझ्या सुट्टीच्या सोयीनं निघालो होतो. लेझर म्हातारीकडं ठेवावा म्हटलं तर ती घ्यायला तयार होईना. परत घेऊन आलो.

तो जूनमध्ये दिला. मंगलनं आढेवेढे न घेता ठेवून घेतला, पैसे विचारले, मी नको म्हटलं, तिनं निम्मे तरी घ्या म्हणून हातात कोंबले. मी ते घेतले, कारण न घेणं म्हणजे पुन्हा मीच मोठा झालो असतो. काजल बाहेरून आली. वर्षात हातभर वाढलेली. मी आपलं विचारलं, "कितवीत आता?"

ती हसली आणि आईकडं बघितलं. मंगल म्हणाली, "पटावर नाव हाय. बसायला मागत न्हाई. मागं पडली लय, पोरं हसत्यात म्हणती."

"मला समदी कोकरं आवाजावरनं वळकत्यात," काजल म्हणाली. "आज्याला बी न्हाई वळकत तेवढी." त्या पोरीच्या चेहऱ्यावर दुःख असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिथं अभिमान होता. आजोबांनी मेंढरांच्या वाड्यावरून हाक मारली तशी ती पळाली.

मी प्रिंटर जोडला. पहिलं पान निघालं, कोमट, काळंभोर. मंगलनं ते उजेडाकडं धरून पाहिलं.

"पानामागं?"

"चाळीस पैसे. त्या शाईच्यापेक्षा महाग पडेल."

"अन् पडून ऱ्हायलं तर?"

"पडून राहिलं तर काही होत नाही. पावडर आहे ती. वर्षभर कुलपात असलं तरी चालू केलं की चालेल."

"मंग बरं," मंगल म्हणाली. तिनं घोंगडी उचलून पेटीवर, प्रिंटरशेजारी आणून ठेवली. "आता दरसाल कुलूपच लागणार."